चोवीस आऱ्यांची घडी

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक लहानसं बुद्धविहार आहे. खाली पाण्याची टाकी, वर एकच खोली. दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या की सकाळी आठला त्या खोलीच्या जिन्यात बारक्या चपलांचा ढीग पडतो आणि गल्लीला कळतं, सखूआजीचा वर्ग सुरू झाला.

सखूबाई नांदेडकडची. लग्न होऊन हैदराबादेत आली त्याला चाळीस वर्षं झाली. नवरा देवराव रेल्वेतून रिटायर झालेला. तिची स्वतःची शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर असं की मोत्याचा सर. वस्तीतली पोरं शाळेत तेलुगू शिकायची, इंग्रजी शिकायची. मराठीत नुसती भांडायची. तेच भांडण मराठीत लिहून दाखवा म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. ते बघून बारा वर्षांपूर्वी तिनं हा सुट्टीतला वर्ग काढला.

तिच्याकडे पुस्तक नव्हतं. जो सण येईल तोच तिचा धडा. शेजारच्या तेलुगू बायका बतुकम्मासाठी फुलांच्या राशी आणायच्या, त्यातली उरलेली तंगेडूची पिवळी फुलं आणि झेंडू पोरं ओच्यात भरून घेऊन यायची. मग ताटात खालचा थर बारा फुलांचा, त्यावर दहाचा, त्यावर आठाचा, आणि "आता सांगा, एकूण किती? अन् वरच्या थराला किती लागतील?" पिंपळाच्या एकेका पानावर एकेक अक्षर लिहायचं आणि पानं ओळीनं मांडून शब्द वाचायचा. पान वाळलं की शब्द नवा.

वर्षावासाचे तीन महिने सखूबाईचं व्रत असे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बाराच्या पुढं अन्न नाही, सकाळ-संध्याकाळ वंदना, आणि कुणाला कठोर बोलायचं नाही. त्यातलं शेवटचंच खरं अवघड. म्हणून तिनं विहारातल्या मूर्तीशेजारी एक पितळी वाटी ठेवली होती. तोंडून वाकडा शब्द गेला की त्या संध्याकाळी वाटीत एक चिंचोका टाकायचा. पहिल्या साली वाटी अर्धी भरली तेव्हा देवराव म्हणाला होता, "ह्या पावसाळ्यात चिंचेचं बन लावायचं दिसतंय तुझ्या मनात." यंदा दसरा आठवड्यावर आला तरी वाटीत तीनच चिंचोके होते. त्यातले दोन देवरावच्या खात्यातले.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी पोरांच्या आधी गंगू जिना चढून आली. गंगू स्टेशनच्या दारात भाजलेल्या पल्लीची गाडी लावायची. आपल्याकडं शेंगदाणे म्हणतात त्याला हैदराबादेत सगळे पल्लीच म्हणतात. तिनं हाताला धरून पिंकीला आणलं होतं. सात वर्षांची, दोन वेण्या, आणि डोळे पायांच्या अंगठ्याकडं.

"जयभीम आक्का," गंगूनं पोलक्यातून घडी केलेला कागद काढला. "शाळेतून लिहून आलंय. सुट्टीनंतर हिला खाली पहिलीत बसवणार म्हणे. लहान्या पोरांत. ही काय म्हणते, तसं असंल तर मी शाळेतच नाही जात. दोन दिवस जेवली नाही हो. तुम्ही काय तरी करा. शंभरपर्यंतचे आकडे तरी घाला हिच्या डोक्यात."

सखूबाईनं कागद उघडला आणि अक्षर ओळखलं. तिच्या घरातलंच होतं. तिची सून स्वप्ना त्याच शाळेत दुसरीला शिकवत होती.

दुपारी स्वप्नाजवळ विषय काढला तेव्हा स्वप्ना कपडे वाळत घालत होती. हातातली साडी तशीच धरून ती म्हणाली, "आत्याबाई, मी काय वैरीण आहे का तिची? एकोणतीसपर्यंत म्हणते आणि तिथंच थांबते. पुढं काही केल्या जातच नाही. विचारलं की बोटं चाळवत बसते. पहिलीत बसली तर पाया तरी पक्का होईल."

"दसऱ्यापर्यंत थांबशील?"

"दसऱ्याला मी विहारात येणारच आहे. तोवर काही जमलं तर बघू. पण आठ दिवसांत काय होणार?"

सखूबाईनं बादलीतला पुढचा कपडा उचलून झटकला.

दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या सकाळी विहारात पोरांच्या हातचं चक्र लावायचं, अशी रीत तिनंच पाडली होती. चोवीस आरे, आणि प्रत्येक आऱ्यावर पोरांनी आपल्या हातानं लिहिलेला एक चांगला शब्द. गेल्या साली पोरांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या अंदाजानं चिकटवल्या आणि वर लावल्यावर नांदेडहून आलेल्या एका पाहुण्यानं मोजून सांगितलं, "बाई, सव्वीस झालेत." कुणी हसलं नाही. पण सखूबाईच्या जिवाला ते लागून राहिलं. यंदा तिनं ठरवलं, कागदाची घडीच अशी घालायची की आरे आपोआप बरोबर पडतील. पोरांना मोजणंही कळेल आणि घडीही.

परातीच्या कडेनं गोल आखून निळ्या पतंगी कागदाचे गोल कापले. पोरं घड्या घालायला बसली. अर्धा केला, दोन भाग. पुन्हा अर्धा, चार. पुन्हा, आठ. पुन्हा, सोळा. सगळ्यांचे डोळे चमकले. अजून एक घडी, आणि उघडून मोजलं तर बत्तीस.

"आजी, चोवीस कुठं गेले?" आदर्शनं विचारलं. आदर्श तिसरीतला, वर्गात सगळ्यात हुशार, आणि ते त्याला ठाऊक होतं.

चोवीस कुठं गेले ते सखूबाईलाही कळेना. तिनं रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे घरच्यांच्या जेवणानंतर, स्वप्नाला विचारलं. स्वप्नानं पेपरचा गोल कापून चार वेळा घड्या घातल्या. "घडी दुप्पट करत जाते हो आत्याबाई. सोळाच्या पुढं एकदम बत्तीस. चोवीस वाटेत लागतच नाही. जाऊ द्या ना, मी प्रिंट काढून आणते."

"प्रिंटचं चक्र फिरतं का?" सखूबाई म्हणाली.

"कागदाचं तरी कुठं फिरतं?" देवराव पेपरामागून म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी सखूबाईनं उरलेले गोल पोरांत वाटले. पतंगी कागद संपत आला होता. उपासानं डोकं हलकं झालेलं, खाली टाकीवर बायकांचं भांडण, आदर्श ओरडतोय, "आजी, माझे परत बत्तीस!" आणि कोपऱ्यात पिंकी. तिनं घडी घातलीच नव्हती. अर्धा केलेला गोल ती हातावर गोल गोल वळत होती, जशी पल्लीची पुडी वळतात तशी. एक वळली, सोडली, पुन्हा वळली.

"पिंके!" सखूबाईचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दहा वेळा सांगितलं, कागद वाया घालू नको. इथं काय पुड्या वळायला आलीस?"

तिनं कागद पिंकीच्या हातातून ओढून घेतला. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पल्लीवाली," आणि दोघं-तिघं हसले.

पिंकी रडली नाही. तिनं आपलं दप्तर उचललं आणि चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधत बसली. त्याला फार वेळ लागला. सखूबाईला वाटलं, हाक मारावी. पण ती पुढच्या पोराची घडी सरळ करत राहिली.

त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर तिनं वाटीत चिंचोका टाकला. पितळेवर त्याचा आवाज झाला. आधीचे तीन टाकताना असा आवाज झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिंकी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरांनी घड्या सोडून चित्रं काढायला घेतली. चवथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर सखूबाई उन्हातच स्टेशनकडं निघाली.

गंगूची गाडी लिंबाखाली होती. तव्यात वाळू, वाळूत पल्ली, खरपूस वास. गाडीच्या मागं उलट्या बादलीवर पिंकी बसली होती आणि पुड्या वळत होती.

"या आक्का," गंगूनं फडक्यानं हात पुसले. "हिला काय झालंय बघा. विहारात नक्को म्हणते. इथंच बसते दिवसभर. शाळा उघडल्यावरही इथंच बसणार म्हणते." तिनं गरम पल्लीचा ओंजळभर ढीग पुडीत घातला आणि पुढं केला, मग जीभ चावली. "अगं बाई, तुमचं बारानंतर नसतं."

"दे. पदरात बांधते, सकाळी खाईन," सखूबाई म्हणाली. मग ती पिंकीसमोर जमिनीवरच बसली. गुडघे कुरकुरले. "पिंकू, त्या दिवशी मी वाईट बोलले तुला. पुडीला नावं ठेवली. तुझी आई जिच्यावर घर चालवते तिला नावं ठेवली. माझं चुकलं."

पिंकीनं वर बघितलं. हातातली पुडी खाली ठेवली.

"आजी, चिंचोका टाकला?"

"टाकला."

"किती झाले?"

"चार."

पिंकीनं मान हलवली, हिशेब बरोबर आहे अशा अर्थानं, आणि पुन्हा पुडी वळायला लागली. सखूबाई बघत राहिली. बघायचं म्हणून नाही, उठवत नव्हतं म्हणून. पिंकी रद्दीचा तुकडा घ्यायची, हातावर दीड वेढा फिरवायची, कागदाची कड पुडीच्या काठावर येऊन टेकली की अंगठ्यानं दाबायची. वळली की पुडी पुडीत खोचायची. सहा झाल्या की ती चवड बाजूला. मग दुसरी चवड. तोंडानं ती काहीच मोजत नव्हती. हातच थांबत होता.

जवळच पडलेली एक पुडी सखूबाईनं सहज उचलली. ती बसल्याजागी दाबली गेली होती. चपटी झाली होती. तिनं ती उघडली. कागदावर दोन घड्या पडल्या होत्या आणि त्यांनी कागदाचे भाग केले होते.

तीन.

सखूबाईनं पुन्हा मोजलं. एक, दोन, तीन. दुप्पट नाही, निमपट नाही. तीन, आणि तिन्ही जवळपास सारखे.

पिशवीत तिनं वर्गातला एक शेवटचा निळा गोल जपून ठेवला होता, पाहुण्यांपुढं काय लावायचं ह्या काळजीत. तो तिनं काढला, मधून अर्धा केला आणि दोन्ही हातांनी पिंकीपुढं धरला, भिक्षापात्र धरावं तसा.

"पिंकू, ह्याची वळ बघू पुडी. त्या दिवशी वळत होतीस तशीच. मी मध्येच काढून घेतली ती."

पिंकीनं आईकडं बघितलं. गंगू एका गिऱ्हाइकाला पुडी देत होती. मग पिंकीनं कागद घेतला, वळला, सोडला, पुन्हा वळला. कड कडेवर आली, अगदी काठाला काठ. तिनं तळहातानं दाबून पुडी सपाट केली.

"आता हिची एक घडी घाल. अर्धी. अजून एक."

शेवटची घडी जाड झाली. पिंकीनं ती दातात धरून दाबली.

"उघड."

निळा कागद सखूबाईच्या मांडीवर उघडला. मधल्या एका बिंदूतून घड्या निघाल्या होत्या आणि चारी बाजूंनी कडेपर्यंत गेल्या होत्या, सरळ, सारख्या, जशा सूर्याच्या. स्टेशनात गाडी आली होती, माणसं धावत होती, कुणीतरी "पल्ली, पल्ली" ओरडत होतं. सखूबाईला काही ऐकू येईना. तिनं घडीवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. अकरावर मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

चोवीस.

चाळीस वर्षं तिनं ह्या चक्राला हात जोडले होते. झेंड्यावर बघितलं होतं, मूर्तीच्या तळव्यावर बघितलं होतं. ते कुठून तरी येतं, कुणीतरी मोठ्यानं आखलेलं असतं, असंच तिला वाटायचं. ते ह्या वाळूच्या धुरात, उलट्या बादलीवर, एका पोरीच्या हातात इतके दिवस बसलेलं होतं आणि तिनं ते ओढून घेतलं होतं.

"आजी, रडू नका ना," पिंकी म्हणाली. "कागद भिजंल."

दसऱ्याच्या सकाळी खोली पांढऱ्या साड्यांनी भरून गेली. पोरं पुढं बसली. स्वप्नाही आली होती, मांडीवर पर्स घेऊन. सखूबाईनं पिंकीला उभं केलं आणि म्हणाली, "यंदाच्या चक्राची घडी हिनं घातली."

"खोटं!" आदर्श उठलाच. "घरून कुणीतरी करून दिली असंल. मला नाही आली ती हिला कशी येईल?"

"मग इथं घालू दे की," देवराव मागून म्हणाला. "कागद काय महाग झालाय?"

कुणीतरी पेपरचा गोल कापून दिला. पिंकी खाली बसली. अर्धा केला. मग हातावर वळला. खोलीत पोरं खुसखुसली, "पुडी, पुडी," आणि थांबली, कारण पुडी सपाट झाली होती आणि पिंकी तिची घडी घालत होती. एक. दोन. दातात धरून दाबली. कागद उघडून तिनं जमिनीवर ठेवला.

आदर्श गुडघ्यांवर आला आणि मोजायला लागला. मोठ्यानं. बाकीची पोरंही त्याच्याबरोबर मोजायला लागली. एकवीस, बावीस, तेवीस. चोवीस. सगळे नुसते कागदाकडं बघत राहिले. म्हाताऱ्या बायकांपैकी एकीनं हात जोडले, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं.

स्वप्ना केव्हा पुढं येऊन पोरांत बसली होती, कुणाला कळलं नाही. तिनं कागद उचलला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उघडला. "अर्ध्याला आधी तीनची घडी. सहा, बारा, चोवीस," ती स्वतःशीच म्हणाली. "मला कशी सुचली नाही?" मग तिनं पिंकीकडं बघितलं. शाळेतल्या आवाजात नाही, हळूच विचारलं. "पिंकी, किती आरे झाले गं?"

पिंकीची बोटं चाळवायला लागली.

"चार चवडी, मिस."

"म्हणजे?"

"सहा पुड्यांची एक चवड. चार चवडी म्हंजे चोवीस."

"आणि पाच चवडी?"

"तीस."

एकोणतीसच्या पुढचा तो आकडा, जून महिन्यापासून स्वप्ना ज्याची वाट बघत होती. "सहा?"

"छत्तीस. मोठी गाडी आली की सहा लागतात."

"दहा चवडी, पिंकी?"

"साठ. पण दहा कुठं लागतात? सणाला लागतात." मग तिनं घाबरून विचारलं, "मिस, चुकलं?"

"तुझं नाही," स्वप्ना म्हणाली. तिनं पिंकीची ती बोटं आपल्या हातात घेतली आणि बघत बसली, जणू पहिल्यांदाच बघतेय. "मी तुला एकामागून एक विचारत होते. तू सहा-सहांनी मोजतेस." खोलीत सगळे ऐकत होते, गंगू दाराशी उभी होती, पदर तोंडाला लावून. "शाळा उघडली की येताना पुड्यांचे कागद घेऊन ये. पुष्कळ आण. खाली कुठं नाही जायचं, माझ्याच वर्गात. सगळ्यांना शिकवायचंय तुला."

गंगूनं भिंतीला डोकं टेकलं.

मग शब्द लिहायचे राहिले होते. निळं चक्र पुठ्ठ्यावर डकवलं, प्रत्येक घडीवर पांढरी पट्टी लावली आणि पोरांनी एकेका पट्टीवर आपापला शब्द लिहिला. मैत्री. करुणा. क्षमा. धीर. आदर्शनं ठसठशीत अक्षरात प्रज्ञा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शेवटची पट्टी पिंकीची होती. सखूबाईनं कालच तिला दोन अक्षरं बसवून दिली होती, पिंपळाच्या दोन पानांवर. पिंकीनं जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून दाबून लिहिलं.

आदर्शनं वाकून वाचलं. "पुडी? आजी, पुडी हा काय चांगला शब्द आहे?"

सगळे सखूबाईकडं बघायला लागले. तिनं मूर्तीशेजारच्या वाटीकडं बघितलं. चार चिंचोके.

"चांगला आहे," ती म्हणाली. "राहू दे."

देवरावनं स्टुलावर चढून चक्र मधोमध खिळ्याला अडकवलं आणि उतरताना पंख्याचं बटण दाबलं. वंदना सुरू झाली. सखूबाईनं हात जोडले, पण डोळे मिटायचे राहून गेले. वाऱ्यानं पुठ्ठा आधी नुसता थरथरला. मग चक्र सावकाश वळायला लागलं. मैत्री वर गेली, करुणा गेली, क्षमा गेली, आणि वाकड्या अक्षरातली पुडी हळूच तिच्या समोर आली.